‘लघुतम’ म्हणायचं आणि मोठा आकडा काढायचा : लसाविची गोम

प्रश्न आपल्या नाशिकमधल्याच सातपूरहून आलाय. विचारणारे एका कारखान्यात फिटर आहेत, मुलगी सहावीत. १२, १५ आणि २० यांचा लसावि तिने ३६०० काढला. पुस्तकामागे उत्तर ६० आहे. तिचं म्हणणं, ‘तिघांचा मसावि १ आहे. संख्यांचा गुणाकार भागिले मसावि म्हणजे लसावि. मी तेच केलं.’ वडिलांना सूत्रात खोट दिसेना आणि उत्तर तर चुकलेलं. शिवाय शाब्दिक उदाहरण आलं की लसावि घ्यायचा की मसावि, हे ती दर वेळी विचारते.

मी नाशिकमध्ये पंचवीसेक वर्षं गणित शिकवतोय आणि ही चूक इतक्या वह्यांत पाहिली आहे की ३६०० म्हटल्याबरोबर पुढची ओळ मलाच दिसायला लागते. तिला रागावू नका. एक खरं सूत्र तिने भलत्या ठिकाणी वापरलंय, एवढंच. पण त्याआधी नावाबद्दल बोलू, कारण निम्मा घोळ नावातच आहे.

लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. (कुणी ‘साधारण’च्या जागी ‘सामाईक’ म्हणतं, फरक काही नाही.) मुलं हे नाव डावीकडून वाचतात. ‘लघुतम’ कानावर पडलं की लहान आकडा डोक्यात येतो, ‘महत्तम’ म्हटलं की मोठा. घडतं नेमकं उलटं. १२ आणि १८ यांचा लसावि ३६ आणि मसावि ६. म्हणून मी वर्गात हे नाव शेपटाकडून वाचायला लावतो. आधी ‘विभाज्य’, म्हणजे पाढ्यात येणारी संख्या. ती दिलेल्या संख्येएवढी तरी असणार किंवा मोठी. मग ‘साधारण’, म्हणजे दोघांच्याही पाढ्यात असलेली. अशा संख्या संपतच नाहीत : ३६, ७२, १०८, १४४… म्हणून अगदी शेवटी ‘लघुतम’, त्यांच्यातली पहिली. मसाविचंही तसंच. ‘विभाजक’ म्हणजे भाग देणारी, म्हणून लहान. १२ आणि १८ या दोघांनाही भाग देणाऱ्या संख्या मोजून चार : १, २, ३, ६. त्यातली मोठी घ्यायची. गंमत म्हणून तिला विचारा, महत्तम साधारण विभाज्य का शिकवत नाहीत? कारण तो नसतोच. आणि लघुतम साधारण विभाजक? तो नेहमी १, काय करायचाय काढून!

आता ३६०० कडे. तुम्ही फिटर आहात, तर तुमच्याच पेटीचं उदाहरण घेऊ. प्रत्येक संख्या म्हणजे एक काम आणि तिचे मूळ अवयव म्हणजे त्या कामाला लागणारे पाने (स्पॅनर), असं समजा. १२ = २ × २ × ३, म्हणजे दोन नंबरचे पाने दोन आणि तीन नंबरचा एक. १५ = ३ × ५. २० = २ × २ × ५. आता अशी एकच पेटी भरायची की या तिन्हींपैकी कुठलंही काम निघालं तरी ती पुरली पाहिजे. कामं मात्र एका वेळी एकच. दोन नंबरचे पाने किती घ्याल? १२ ला दोन लागतात, २० लाही दोनच. चार कशाला, तेच दोन दोन्हीकडे चालतात. तीन नंबरचा एक १२ लाही होतो आणि १५ लाही. पाचचाही एकच पुरतो. पेटीत २ × २ × ३ × ५, म्हणजे ६०.

मुलीने काय केलं? तीन कामांसाठी तीन वेगवेगळ्या पेट्या घेतल्या आणि सगळं एकत्र ओतलं. तिच्या ३६०० मध्ये २ चार वेळा आहे, ३ दोनदा, ५ दोनदा. काम अडणार नाही, ३६०० ला तिन्ही संख्यांनी नि:शेष भाग जातोच. पण ओझं साठपट झालं. म्हणजे तिने विभाज्य काढलं, साधारणही काढलं, फक्त लघुतम राहिलं. हे तिला याच शब्दांत सांगा. ‘चूक’ म्हणण्यापेक्षा ‘दोन तृतीयांश बरोबर’ म्हटलेलं मुलांना जास्त समजतं.

हीच पेटी पुढे ताणली तर एक सुंदर संख्या मिळते. १ ते १० या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या कोणती? दहाही संख्या मांडून बसायची गरज नाही. दोनच्या पान्यांची सर्वांत जास्त मागणी ८ ची, तीनच्या पान्यांची ९ ची, मग ५ आणि ७ एकेक. बाकीचे सगळे यात भागतात. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. आपल्या देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, ज्यांच्यामुळे ६१७४ ला जग कापरेकर स्थिरांक म्हणतं, त्यांनी स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ संख्या असं नाव दिलं होतं. २५२० त्यांतलीच : अंकांची बेरीज ९ आणि २५२० ÷ ९ = २८०. विषयांतर झालं, पण नाशिकच्या मुलीला हे नाव माहीत असायलाच हवं.

सूत्र नेमकं कुठे फसलं? दोन संख्यांसाठी ते शंभर टक्के खरं आहे : लसावि × मसावि = दोन्ही संख्यांचा गुणाकार. कारण पेटीतच सापडतं. १२ मध्ये २ दोनदा आहे, १८ मध्ये एकदा. गुणाकारात हे दोन आणि एक मिळून तीन येतात. लसावि त्यातला मोठा आकडा घेतो (दोन), मसावि लहान (एक). मोठा आणि लहान मिळून दोघे झाले, हिशोब पुरा. पण संख्या तीन झाल्या की मोठा, लहान आणि एक मधला असतो. गुणाकारात तिघेही येतात. मसाविने भागलं की लहान जातो, मोठ्यासोबत मधला तसाच बसून राहतो. १२, १८, ३० घेऊन पाहा. गुणाकार ६४८०, मसावि ६, भागाकार १०८०. खरा लसावि १८०. सहापट फुगलेलं ते ६ म्हणजे हा मधला पाहुणा. म्हणून तीन संख्या आल्या की सूत्र बाजूला ठेवायचं. किंवा आधी दोघांचा लसावि काढून त्याचा तिसरीबरोबर काढायचा : १२ आणि १५ चा ६०, ६० आणि २० चा ६०. झालं.

वर्गात मात्र बहुतेक मुलं उभ्या मांडणीने करतात, आणि तिथे दुसरी मेख आहे. ओळीत १२, १५, २० लिहिले, डावीकडे भाजक. मसाविची सवय लागलेलं मूल बघतं की तिघांनाही भाग जाणारी संख्या आहे का. नाही. मग ‘संपलं’ म्हणून रेघ मारतं आणि उरलेल्यांचा गुणाकार करतं. पुन्हा ३६००! मसाविसाठी तिथे थांबणं बरोबर आहे. लसाविसाठी नाही. लसाविला दोघांना जरी भाग जात असला तरी भागायचं आणि ज्याला जात नाही त्याला तसंच खाली उतरवायचं. २ ने भागलं : ६, १५, १०. पुन्हा २ ने : ३, १५, ५. आता ३ ने : १, ५, ५. मग ५ ने : १, १, १. डावीकडचे भाजक २ × २ × ३ × ५ = ६०. मी मुलांना मुद्दाम सगळीकडे १ येईपर्यंत न्यायला सांगतो. दोन ओळी जास्त होतात, पण कुठे थांबायचं हा प्रश्नच राहत नाही. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी हवं तर आधी थांबावं, त्यांना सेकंद मोजायचे असतात.

आणखी एक सवय लावा. संख्या छोट्या असतील तर मांडणी नकोच, सर्वांत मोठ्या संख्येचा पाढा म्हणायचा. १२, १५, २० असतील तर वीस, चाळीस, साठ, साठला थांबलो. बारा आणि पंधराचे पाढे लिहीत बसायचं कारण नाही. याउलट संख्या मोठ्या आणि अवयव सापडत नसतील, समजा ३९१ आणि ४३७, तर वजाबाकीने मसावि काढा. ४३७ मधून ३९१ गेले, ४६ उरले. ३९१ ला ४६ ने भागलं तर बाकी २३. ४६ ला २३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून मसावि २३. आता ३९१ ÷ २३ = १७ आणि १७ × ४३७ = ७४२९, हा लसावि. आधी गुणून मग भागलं तरी तेच येतं, पण लाखाच्या घरात जाऊन परत यावं लागतं. ही रीत युक्लिडची, सव्वादोन हजार वर्षांहून जुनी, आणि आजही याहून सुटसुटीत रीत शाळेत शिकवण्यासारखी नाही.

आता लसाविचा अर्थ. अपूर्णांकांच्या बेरजेला लागतो हे मुलीला शाळेत सांगितलं असेलच. ५/१२ + ७/१८ करताना छेद २१६ घेतला तर १७४/२१६ येतात आणि मग संक्षेप करत बसावं लागतं. ३६ घेतला तर सरळ २९/३६. नवव्या शतकातले महावीराचार्य याच कामासाठी लसावि वापरायला सांगतात, त्यांचा शब्द ‘निरुद्ध’. पण मला विचाराल तर लसावि म्हणजे ‘पुन्हा एकत्र कधी?’ या प्रश्नाचं उत्तर. वेगवेगळ्या अंतराने फिरत येणाऱ्या गोष्टी एकदा एकत्र निघाल्या, तर पुन्हा एकत्र कधी येतील?

समजा निमाणी स्टँडवरून एका मार्गाची बस दर १२ मिनिटांनी सुटते, दुसऱ्या मार्गाची दर १८ मिनिटांनी, आणि सकाळी ७ ला दोन्ही एकदम सुटल्या. पुन्हा एकदम सुटतील ७.३६ ला. मग ८.१२, ८.४८. परीक्षेत विचारतात, ७ ते ९ मध्ये किती वेळा? मुलं १२० ला ३६ ने भागून ३ लिहितात आणि सातची पहिली वेळ विसरतात. उत्तर ४.

इथवर पुस्तकात असतं. पुढचं नसतं, आणि मला तेच जास्त आवडतं. दुसरी बस ७ ऐवजी ७.०५ ला सुरू झाली तर? वर्गात मी हे फळ्यावर न सांगता लिहायला लावतो. पहिलीच्या वेळा : ७.००, ७.१२, ७.२४, ७.३६, ७.४८. दुसरीच्या : ७.०५, ७.२३, ७.४१, ७.५९. मुलं लिहीत राहतात, कुणी दुपारपर्यंत पोचतं, आणि मग मागच्या बाकावरून एक आवाज येतो, ‘सर, या भेटणारच नाहीत.’ बरोबर! एकमेकींपासूनचं अंतर १२ आणि १८ च्या पटींनीच बदलतं, म्हणजे नेहमी ६ च्या पटीत. सुरुवातीचं ५ मिनिटांचं अंतर ६ च्या पटींनी कधीही शून्य होणार नाही. तेच अंतर ६ मिनिटांचं असतं, तर ७.२४ ला गाठ पडली असती. म्हणजे भेट होणार की नाही हे मसावि ठरवतो, आणि झाली तर पुन्हा किती वेळाने हे लसावि. दोघांची सांगड अशी आहे.

तुमच्या कारखान्यातही हे रोज फिरतंय. २४ दात्यांचा छोटा गिअर ३६ दात्यांच्या मोठ्या गिअरमध्ये बसवला, दोघांच्या एकेका दात्यावर खडूची खूण केली. ७२ दाते सरकले की खुणा परत समोरासमोर : छोट्याचे तीन फेरे, मोठ्याचे दोन. आता छोट्याच्या त्या दात्याला टवका उडालेला असेल, तर तो मोठ्याच्या ठरावीक तीनच दात्यांवर जन्मभर आपटत राहणार. ते तीन आधी खराब होणार. म्हणून डिझाइन करणारे पुष्कळदा मुद्दाम दात्यांच्या संख्या सहमूळ, म्हणजे मसावि १ असलेल्या, ठेवतात. २४ ऐवजी २३ घेतले की लसावि होतो २३ × ३६ = ८२८, आणि प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो. झीज सगळीकडे सारखी. याला हंटिंग टूथ म्हणतात. मुलीला एकदा दोन गिअर हातात देऊन खडूची खूण करायला लावा, दहा उदाहरणांचं काम होईल.

तबला शिकणारं कुणी घरात असेल तर त्यालाही विचारा : तीनताल १६ मात्रांचा, झपताल १० चा, दोन्ही एकाच लयीत एकदम सुरू केले तर सम पुन्हा एकत्र कितव्या मात्रेनंतर? ८० मात्रा झाल्यावर. तीनतालाची पाच आवर्तनं, झपतालाची आठ.

नाशिककर म्हटल्यावर सिंहस्थ आलाच. मुलं विचारतात की तो बारा वर्षांनी येतो म्हणजे लसावि का. थोडा आहे, थोडा नाही. गुरूला राशिचक्राची एक फेरी करायला ढोबळमानाने १२ वर्षं लागतात, शनीला ३०. १२ आणि ३० यांचा लसावि ६०; साठ संवत्सरांच्या चक्राशी हा आकडा जुळतो. साठी झाली की षष्ट्यब्दिपूर्ती करतात ती म्हणूनच, जन्माचं संवत्सर परत आलेलं असतं. पण गुरूची फेरी खरं तर ११.८६ वर्षांची आहे, पुरती बाराची नाही. हा फरक साठत जातो आणि मध्येच बाराच्या जागी अकरा येतात. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ ला आला, तो त्यामुळेच. लसावि पूर्णांकांवर चालतो. आकाशातली गणितं त्याच्याशी गोड बोलतात पण पक्का शब्द देत नाहीत. आपल्याकडेही २०१५ नंतरचं पर्व २०२६ पासूनचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लसावि की मसावि. बाजारातल्या गाइडमध्ये एक युक्ती छापतात : ‘कमीत कमी’ दिसलं की लसावि, ‘जास्तीत जास्त’ दिसलं की मसावि. ती युक्ती मुलीला शिकवली असेल तर आजच विसरायला लावा. ५४० सेंमी लांब, ४२० सेंमी रुंद खोलीत एकाच मापाच्या चौरस फरशा न तोडता बसवायच्या आहेत, कमीत कमी किती लागतील? शब्द ‘कमीत कमी’, पण काढायचा मसावि. फरशी जितकी मोठी तितक्या कमी लागणार; मसावि ६०, म्हणून ९ × ७ = ६३ फरशा. आणि उलट : १२, १५, २० ने पूर्ण भाग जाणारी चार अंकी सर्वांत मोठी संख्या कोणती? शब्द ‘सर्वांत मोठी’, काढायचा लसावि. ९९९९ ला ६० ने भागलं तर बाकी ३९, म्हणून ९९६०.

मी एकच प्रश्न विचारायला लावतो. उत्तरातली वस्तू दिलेल्या संख्यांना भागते, की दिलेल्या संख्या तिला भागतात? फरशी खोलीला भागते : विभाजक, मसावि. बसच्या वेळा दोन्ही अंतरांनी भागल्या जातात : विभाज्य, लसावि. दोन-चार दिवस ती अडखळेल, मग वाचतानाच कळायला लागेल. वेळेची उदाहरणं दीड मिनिट, सव्वादोन मिनिटं अशी आली तर अपूर्णांकांच्या लसाविचं वेगळं सूत्र पाठ करण्यापेक्षा सेकंद करून टाकायचे. ९० आणि १३५, लसावि २७०, म्हणजे साडेचार मिनिटं.

राहिली भागाकारात बाकी उरण्याची उदाहरणं, शिष्यवृत्तीत हमखास येतात. द्राक्षाच्या पेट्या ४, ५ किंवा ६ च्या थप्प्यांत लावल्या तर दर वेळी ३ उरतात, कमीत कमी किती? ६० आणि वर ३, म्हणजे ६३. (३ हेही उत्तर म्हणणारा एखादा द्वाड असतोच, एकही थप्पी लागत नाही म्हणून त्याला बाद करायचा, पण शाबासकी देऊन.) दुसरा प्रकार, ४ च्या थप्पीला ३ उरतात, ५ च्या थप्पीला ४, ६ च्या थप्पीला ५. बाक्या वेगळ्या म्हणून मुलं हात टेकतात. उरलेलं न बघता कमी पडलेलं बघायचं : दर वेळी एकच पेटी कमी आहे. ६० − १ = ५९.

आणि हे शेवटचं तिला रविवारसाठी द्या. पेट्या ४, ५, ६ च्या थप्प्यांत लावल्या तर दर वेळी १ उरते, ७ च्या थप्प्यांत लावल्या तर एकही उरत नाही. कमीत कमी पेट्या किती? ६० च्या पटी घेऊन प्रत्येकीत १ मिळवत जायचं आणि ७ ने भाग जातो का पाहायचं : ६१, १२१, १८१… पुढचं तिने करायचं. ३०१ वर थांबली तर जमलं. ६१ लिहून वही मिटली तर सातची अट वाचायची राहिली, एवढंच सांगा आणि वही परत द्या.